ओढायचा तो खालचा दोरा

यंदा गणपतीच्या आधी माझ्याकडे शिवणाची दोन कामं एकदमच आली. सोसायटीच्या हॉलमधल्या टेबलाला पुढून आणि दोन्ही बाजूंनी साटीनची झालर हवी होती. आणि नणंदेच्या सहा वर्षांच्या लेकीला परकर-पोलकं हवं होतं, तेही आजीच्याच जुन्या नारायणपेठीचं. दोन्हीकडे काम एकच, लांबच लांब कापड आखूड करून त्याच्या सारख्या चुण्या पाडायच्या. पण एकाच रीतीने दोन्ही करता येत नाहीत.

आमच्या विक्रोळीच्या घरात मशीनं दोन. सासूबाईंचं काळं, पायाचं, सरळ टीप सोडून दुसरं काही न येणारं. माझं विजेवरचं, झिगझॅग येणारं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बरीच वर्षं दादरच्या एका दुकानाला घरून फ्रॉक शिवून दिले. नगावर पैसे मिळायचे, त्यामुळे झालरीत वेळ घालवणं त्यांना परवडायचं नाही. अजूनही मी टाचण्या लावत बसले की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

सुरुवात हिशेबाने. चुण्या दाट हव्यात की विरळ हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, कापडाच्या पोताने ठरतं. खादी किंवा जाड सुती कापड असेल तर दीडपट पुरे, त्याहून जास्त घेतलं की कमरेशी गाठोडं होतं. पॉपलीन, कॅम्ब्रिक, साटीन यांना दुप्पट. मलमल, शिफॉन, नेट यांना अडीच ते तीन पट, नाहीतर झालर केविलवाणी दिसते. जुनी सुती नारायणपेठ धुऊन धुऊन मलमलीच्या जवळ गेलेली होती, म्हणून तिला तिप्पट. पोरीची कंबर 22 इंच, म्हणजे घेर 66. साडी साडेपाच मीटरची, त्यामुळे कापडाची चिंता नव्हती, चिंता होती ती घड्यांची. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवरच विरते. उजेडाला धरून आधी सगळी साडी तपासली आणि विरलेल्या घड्या चुकवून 66 इंचांचा सलग तुकडा काढला. काठ खाली येणार, म्हणजे खालून दुमडून शिवायचा प्रश्नच नाही. उंची 26 हवी होती, कापली 30. अर्धा इंच शिवणीला आणि उरलेलं आत दुमड घालायला. पोर वाढली की दुमड उसवायची, परकर पुढच्या वर्षी चालतो.

झालरीचं गणित जरा वेगळं. टेबल आठ फुटी, बाजू तीन-तीन फुटांच्या, मिळून 14 फूट, म्हणजे 168 इंच. दुप्पट केले तर 336. साटीनचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंच. कापड उभं लांब फाडलं असतं तर साडेआठ मीटर लागलं असतं आणि वर 12 इंचांची चिंधी उरली असती. त्यापेक्षा 32 इंच उंचीचे आडवे आठ पन्हे कापून जोडले तर साडेसहा मीटरमध्ये भागतं. जोडावर इंच-इंच गेला तरी 345 इंच हातात राहतात. कापड वाचतं हा एक फायदा. दुसरा जास्त महत्त्वाचा. कापडाचे उभे धागे, म्हणजे ताण्याचे, वरून खाली आले की चुणी सरळ लोंबते. तेच धागे आडवे गेले की चुणी ताठ उभी राहते, फुगते. साडीच्या परकरात काठ खाली घ्यायचा म्हणून धागे आडवेच येतात, आणि परकर छान फुलतो तो त्यामुळेच. टेबलाच्या झालरीला मात्र ते फुलणं नको असतं, नाहीतर आरतीला उभ्या राहणाऱ्यांच्या पायात येते.

साटीन मंगलदास मार्केटमधून आणलं. ऑफिस फोर्टात, तिथून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जायचं आणि पुढे गर्दी नेईल तिकडे. दुकानदाराने ताका उलगडून ‘‘ताई, आठ घ्या, झालरला कमी पडतं’’ असं आग्रहाने सांगितलं. मी सात घेतलं. मीटरचा भाव ऐकून घासाघीस करणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे, कागदावर पन्ह्यांची आकृती काढून न्या. भावात काही सुटो न सुटो, मापात तरी कोणी गुंडाळत नाही.

आता मुद्द्याचं.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनमधून, आणि दोघं कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलियास हाव याने 1846 मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं तेही असाच टाका घालायचं, तेव्हापासून मूळ बेत बदललेला नाही. नेहमीच्या टिपेत दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा, म्हणून अडक कापडाच्या मधोमध बसते आणि कुठलाच दोरा ओढून येत नाही. चुण्यांसाठी वरच्या दोऱ्याचं टेन्शन मुद्दाम सैल करायचं. माझ्या मशीनवर चारावरून दोनावर आणते. मग अडक कापडाच्या खालच्या अंगाला उतरते. खालचा दोरा सरळ रेघेसारखा पडून राहतो, वरच्या दोऱ्याचे फास त्याला नुसते धरून असतात. नेफ्यातून नाडी सरकावी तसा तो सरकतो. म्हणून ओढायचा तो खालचाच. वरचा ओढला की फास आवळतात आणि पुढचं काम कात्रीचं.

आईंची एक सवय मी उचलली आहे, बॉबिनमध्ये वेगळ्या रंगाचा दोरा भरायचा. हिरव्या साडीवर वर हिरवा, खाली पांढरा. चार टोकं लोंबत असताना कोणतं धरायचं हा प्रश्नच उरत नाही. खालचा दोरा पॉलिस्टरचा असावा. जुना सुती दोरा आमच्या दमट हवेत कपाटात पडून कुजतो आणि ऐन ओढण्यात तुटतो.

परकर काळ्या मशीनवर केला. पायाचं मशीन हवं तितकं हळू चालतं, चुण्यांना तेच बरं. पावसात मशीनचा चामडी पट्टा सैल पडला होता, तो आखूड करून घेतला. 11 नंबरची नवी सुई घातली आणि टाका सगळ्यात मोठा केला. कडेपासून पाव इंचावर एक टीप आणि पाऊण इंचावर दुसरी. पक्की शिवण या दोघींच्या मधून, अर्ध्या इंचावर जाणार. एकाच टिपेवर भागवणारे पुष्कळ आहेत, पण एका दोऱ्यावर कापड गोल फिरतं आणि चुणीचं तोंड एकीकडे, पाय दुसरीकडे होतो. दोन दोऱ्यांमध्ये ती उभी धरली जाते. टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटाला मागे-पुढे करून गाठ मारायची नाही, चार-चार बोटं दोरा मोकळा सोडायचा. हाताला वर्षानुवर्षं लागलेली सवय इथे आवरावी लागते.

ओढण्याआधी खडूने चार भाग केले. कापडावर साडेसोळा-साडेसोळा इंचांवर खुणा, कमरेच्या पट्टीवर साडेपाच-साडेपाच इंचांवर. (पट्टी 24 इंचांची, दोन इंच हुकांसाठी जास्तीचे.) खुणेला खूण लावून टाचली. मग दोन्ही टिपांचे खालचे दोरे एकत्र चिमटीत धरून उजवीकडून मधल्या खुणेपर्यंत ओढलं, तसंच डावीकडून. हे ओढणं म्हणजे खरं तर दोरा नुसता ताठ धरायचा आणि दुसऱ्या हाताने कापड त्याच्यावरून ढकलत न्यायचं. झटका दिला की दोरा तुटला. कापड ढकलताना बोटांना कळतं, आधी टोकाशी गचपण होतं, मग ते नखाने पुढे सारत सारत मध्यापर्यंत न्यायचं. मापाला आलं की दोऱ्याची टोकं टाचणीभोवती इंग्रजी आठासारखी गुंडाळायची, गाठ नको, कारण अजून थोडं सोडावं-आवळावं लागतंच.

‘‘ओढलंस ना? आता वाट,’’ आई म्हणाल्या.

वाटणं म्हणजे प्रत्येक चौथ्या भागात चुण्या सारख्या पसरवणं. इथे आईंची हातोटी बघण्यासारखी आहे. जाड सुईचं बोथट बाजूचं टोक घेऊन त्या चुणी-चुणीच्या मधून वरून खाली रेघ ओढल्यासारखं करतात, प्रत्येक चुणी वेगळी उभी राहते. मग कापड वरच्या आणि खालच्या कडेला धरून एकदा हलकेच ताणतात. नुसत्या बोटांनी केलेल्या चुण्या आणि सुईने विंचरलेल्या चुण्या यांतला फरक शिवल्यावर दिसतो. पहिल्यांत मधेच दोन चुण्या चिकटून जाडसर ढेकूळ येतं, आणि ते बरोबर पोटावर येतं.

पक्की टीप मारताना चुण्यांची बाजू वर, पट्टी खाली. खाली कापड पुढे सारणारे दाते असतात, चुण्या खाली गेल्या तर दाते त्यांना हवं तिकडे नेतात आणि आपल्याला दिसतही नाही. वर असल्या की सुईच्या टोकाने चुणी सरळ करत पुढे जाता येतं. आणि टीप मारण्याआधी टाका लहान करून टेन्शन पूर्ववत चारावर आणायचं. काळ्या मशीनला आकडे नाहीत, तिथे चिंधीवर टीप मारून दोन्ही अंगांनी बघायचं. सैल टेन्शनवर शिवलेला परकर दिसायला अगदी नीट असतो, पोर फुगडी घालेपर्यंत. शिवण झाल्यावर पाऊण इंचावरची कच्ची टीप ओढून काढून टाकली. सुती कापडावरची सुईची भोकं चोळली की बुजतात.

साटीनची बुजत नाहीत. सुई किंवा टाचणी जिथे घुसली तिथे ठिपका कायमचा राहतो. त्यामुळे झालरीवर शिवणीच्या खाली कच्ची टीप घालायची सोय नाही, जे काही करायचं ते शिवणीच्या वरच्या अर्ध्या इंचात. शिवाय 345 इंच कापड एका दोऱ्यावर ओढायचं म्हटलं तर दोरा तुटणारच. सरळ टिपेनेच करायचं तर प्रत्येक पन्ह्याची टीप वेगळी सुरू करून वेगळी थांबवावी लागते. त्यापेक्षा झिगझॅग बरा.

आठ पन्हे जोडले, जोड इस्त्रीने दोन्हीकडे उघडले. जोडाच्या वरच्या टोकाला तिरका कट दिला, कारण तिथे कापडाचे थर वाढतात आणि चुणी नेमकी तिथेच अडते. झालरीच्या दोन्ही टोकांना कापडाची मूळ किनार येत होती, ती तशीच ठेवली. मग सगळी पट्टी खालच्या पिको-फॉलवाल्याकडे नेली. जवळजवळ 29 फुटांची खालची कड घरी दुमडत बसण्यात शहाणपण नाही, आणि साटीनला पिकोची कड शोभतेही. हे चुण्या घालण्याआधी करून घ्यायचं. चुण्या घातलेली झालर पिकोला दिली तर तो घेतो, पण ज्या नजरेने बघतो ती नजर विसरता येत नाही.

आता तंगूस. मासे धरायच्या गळाला लावतात, मणी ओवायला वापरतात, तोच नायलॉनचा गुळगुळीत दोरा. तो कापडाच्या वरच्या कडेपासून पाव इंचावर आडवा ठेवायचा आणि त्याच्यावरून रुंद झिगझॅग मारत जायचं, सुई एकदा तंगुसाच्या डावीकडे, एकदा उजवीकडे. तंगूस शिवला जात नाही, झिगझॅगच्या बोगद्यात मोकळा पडून राहतो. सुई त्याच्यातून गेली तर मात्र तो तिथे खिळला. म्हणून डोळा तंगुसावर ठेवायचा, कापडाच्या कडेवर नाही. काहीजणी क्रोशाचा दोरा घेतात, तोही चांगला आणि डोळ्याला दिसतो तरी. पण साटीन मुळात निसरडं आणि तंगूस त्याहून निसरडा, दोघांचं मस्त जमतं. इतकी लांब झालर दोन्ही टोकांकडून मध्यावर सरकवायला फार जोर लागला नाही.

आठ पन्हे असल्याचा एक आयता फायदा झाला. 168 भागिले आठ, म्हणजे दर पन्ह्याला 21 इंच. टेबलाच्या सुती पट्टीवर 21-21 इंचांवर खुणा केल्या आणि जोडाला खूण लावली. टाचण्यांऐवजी चिमटे, तेही शिवणीच्या मापाच्या आतच. पट्टी जाड म्हणून 14 नंबरची सुई. तंगूस मी काढला नाही. त्याची टोकं पट्टीच्या आत दुमडून ठेवली, त्याचं कारण पुढे येतं. पट्टीच्या मागे वेल्क्रो, टेबलाच्या कडेला त्याचा जोडीदार.

राहिल्या पोलक्याच्या फुग्याच्या बाह्या. इथे मी नव्याने घेतलेला गॅदरिंग फूट, म्हणजे सुईशी कापड दाबून धरणाऱ्या पायाचा चुण्या पाडणारा प्रकार, वापरून बघितला. मशीनच्या सामानाच्या दुकानात मिळणारा छोटासा तुकडा. सुईच्या पुढे तो जाड असतो आणि कापड दात्यांवर घट्ट दाबतो, मागे पोकळ असतो, त्यामुळे कापड पुढून रेटलं जातं आणि सुईशी गोळा होतं. यात सगळं उलटं आहे. टेन्शन सैल करायचं नाही, आवळायचं. टाका जितका मोठा आणि टेन्शन जितकं जास्त तितक्या चुण्या दाट. 10 इंचांची चिंधी घालून बघितली, सहा इंचांची होऊन बाहेर आली. दिसायला मोठं गमतीचं, ओढणं नाही, वाटणं नाही. उशीच्या अभ्र्याला किंवा पडद्याला कडेने झालर हवी असेल आणि चार इंच इकडे-तिकडे चालणार असतील तर खुशाल वापरावा. पण बाही मुंढ्याच्या, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याच्या गोलाईच्या, मापात बरोबर बसायला हवी. फूट जे देईल ते माप घ्यावं लागतं, नंतर फारसं कमी-जास्त होत नाही. शिवाय चुण्या बाहीच्या फक्त माथ्यावर हव्यात, काखेकडे सपाट. माझ्या मते या फुटाचं कौतुक जरा जास्तच होतं.

आईंनी बाही काळ्या मशीनवर घेतली. साधाच फूट, मोठा टाका. डाव्या हाताची तर्जनी फुटाच्या मागे कापडावर दाबून धरली आणि पाय मारायला लागल्या. मागून कापडाला वाट नाही, पुढून दाते ढकलतायत, मधे कापड बोटाशी साठतं आणि टिपेत बारीक बारीक सुरकुत्या धरल्या जातात. फार साठलं की बोट उचलायचं, परत दाबायचं. माथ्यावर बोट जोरात, दोन्ही उतारांवर हलकं, काखेशी बोट काढूनच घ्यायचं. बाही मुंढ्याला लावून बघितली तर जरासं जास्त माप होतं, तेवढं खालच्या दोऱ्याला एक ओढ देऊन बसवलं. दुकानाचे फ्रॉक त्या असेच करायच्या.

‘‘हे बोटाचं तू शिकून घे, फूट बदलत बसण्यात अर्धा दिवस जातो तुझा,’’ त्या म्हणाल्या. शिकतेय. चिंध्यांवर बरं जमतं, बाहीवर अजून दोन टिपाच घालते.

इस्त्रीबद्दल एवढंच, चुण्यांवरून इस्त्री सपाट फिरवायची नाही. खालून वर, इस्त्रीचं टोक चुण्यांमध्ये घुसवत शिवणीपर्यंत न्यायचं आणि तिथे थांबायचं. शिवणीचा वरचा भाग तेवढा दाबून सपाट करायचा. साटीनला उलट्या बाजूने, कमी गरम.

झालर हॉलमध्ये लागली, परकर फुगडीला टिकला. आमच्या कमिटीचे चिटणीस काका आता म्हणतायत की पुढच्या वर्षी टेबल दहा फुटी आणू, प्रसादाला जागा पुरत नाही. दहा फुटी म्हणजे दोन्ही बाजू धरून 192 इंच. उरलेलं अर्धा मीटर साटीन पन्हाभर वाढवायलाही पुरणार नाही आणि ताक्याचा तोच रंग वर्षाने मिळेल याची खात्री नाही. पण पट्टी उसवली की तंगूस आत आहेच, टोकं सोडून चुण्या सैल करायच्या. 345 भागिले 192, जवळजवळ 1.8 पट येते. साटीनला तेवढी चालते. पट्टी मात्र नवी लागेल, ती काकांना आणायला सांगितली आहे.